चार तास त्याचे, चार तास तिचे

बोटीच्या इंजिनाचं पुस्तक सुझानने कधी उघडलं नव्हतं. ते तिच्या नवऱ्याचं, सिरीलचं काम. पण आज सुट्या भागांची ऑर्डर द्यायची होती आणि तो खाली बेसमेंटमध्ये दोर तपासत बसला होता, म्हणून तिनेच ते शेल्फवरून काढलं. फिल्टरचं पान शोधताना आतून एक फोडलेला सरकारी लिफाफा निसटला आणि टेबलावर पसरलेल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्याच्या सागरी नकाशावर पडला.

पत्र तिने उभ्याउभ्याच वाचलं. मग पुन्हा वाचलं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. श्री. सिरील तुस्कानो यांचं ड्रायव्हिंग लायसन्स सस्पेंड. कारण, डॉक्टरांचा रिपोर्ट: अचानक शुद्ध हरपण्याचे दोन प्रसंग.

तीन आठवडे तो म्हणत होता, "तूच चालव गाडी, माझी कंबर धरलीय." आणि रोज झोपण्याआधी ती त्याच्या कंबरेला बाम चोळत होती.

"सिरील!"

तो खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊनच वर आला. तिच्या हातातला कागद त्याने पाहिला.

"माझ्या पुस्तकात कशाला हात घातलास?" तो म्हणाला.

सुझानचं डोकंच फिरलं. "कुठे पडलास?"

"पडलो कुठे? एकदा ग्रोसरीच्या लाइनीत जरा चक्कर आली. एकदा लायब्ररीत. दोन-तीन सेकंद गं. टेस्ट चालू आहेत. कदाचित काहीच निघणार नाही."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जुलैची सफर कॅन्सल केली असतीस. सहा वर्षं मी त्या बोटीवर राबलोय, सुझान."

तिने फ्रीजवरचा तक्ता ओरबाडून काढला. चुंबक फरशीवर टणकन पडला. महिनाभराच्या सफरीचा पहारा त्यात तिच्याच अक्षरात लिहिला होता, चार तास त्याचे, चार तास तिचे.

"रात्री दहा ते दोन, सिरील," तिने वाचलं. "दहा ते दोन मी कुठे असणार?"

तो खांद्यावरचा दोर सावरू लागला.

"कुठे असणार मी?"

"खाली. बंकवर."

"झोपलेली! बाहेर धुकं, पाण्यात बर्फाचे डोंगर, जवळचं गाव साठ मैलांवर, आणि वर सुकाणूपाशी तू आडवा. बूट काढून, पांघरूण घेऊन, तुझ्या भरवशावर मी गाढ झोपले असते."

"ऑटोपायलट असतो ना—"

"ऑटोपायलटला बर्फ दिसतो?" तिने टेबलावर हात आपटला. कपातली कॉफी नकाशावर सांडली, तिने पुसलीसुद्धा नाही. "तू आजारी पडलास याचा मला राग नाही. तीस वर्षं नर्सिंग होममध्ये मी माणसं उचललीत. आजार मला कळतो. पण तू माझा जीव पणाला लावलास, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस."

सिरील खुर्चीत बसला. दोर त्याच्या मांडीवर घरंगळला. "बरं," तो म्हणाला, "करू कॅन्सल. तुझंच खरं."

त्याचा तो उपकार केल्यासारखा सूर ऐकून ती आणखी पेटली. दोन हिवाळे तिने या टेबलावर घालवले होते. नांगर टाकायची प्रत्येक खाडी निळ्या पेन्सिलीने तिने शोधली होती, भरती-ओहोटीच्या वेळा तिने जुळवल्या होत्या, बर्फाचे रिपोर्ट ती दर आठवड्याला वाचत होती. आणि हा म्हणतो, करू कॅन्सल.

तिने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. व्हिटबीच्या क्लबात दर बुधवारी तिच्यासोबत शिडाच्या बोटींच्या शर्यतीला उतरणारी हेझल लगेच बोलली.

"हेझल, जुलै मोकळा आहे तुझा? अख्खा जुलै?"

"लॅब्राडोर?" हेझलचा आवाज चढला. "आणि सिरील?"

"सिरील येत नाहीये."

"का गं? बरा आहे ना?"

"टेस्ट चालू आहेत. सविस्तर नंतर सांगते. तू येतेस?"

हेझलने फार विचार केला नाही. "येते. पण रोज स्वयंपाक मी करणार नाही, आधीच सांगते."

सुझानने फोन ठेवला. तक्ता शाईने लिहिलेला होता, खोडरबराचा उपयोग नव्हता. तिने पेन घेऊन पहिल्या रांगेतल्या सिरीलवर काट मारली आणि वर हेझल लिहिलं. मग दुसऱ्या रांगेत. पेन इतकं दाबलं जात होतं की कागद फाटायला आला.

सिरील ते बघत होता. ती पाचव्या-सहाव्या रांगेवर आली तेव्हा त्याने मांडीवरचा दोर खाली ठेवला.

"डॉक्टरला मी दोनच प्रसंग सांगितले," शेवटी तो टेबलाकडे बघत म्हणाला.

सुझानचा हात थांबला.

"पहिल्यांदा बोटीवर झालं. गेल्या ऑगस्टात, बोट न्यूफाउंडलंडला नेताना. आखातात. किती वेळ पडलो होतो, मलाही माहीत नाही." त्याने कपाळावरून हात फिरवला. "तू खाली झोपली होतीस."

तिला ती रात्र आठवली. पहाऱ्याला ती वर आली तेव्हा किनाऱ्याचे दिवे उजवीकडे दिसायला हवे होते, ते डावीकडे होते; बोट उलट दिशेने चालली होती. सिरीलच्या कपाळावर खोक पडली होती. वारा फिरला, शिडाचा आडवा दांडा, बूम, डोक्याला लागला, असं तो म्हणाला होता. तिने जखम पुसली, त्याला गरम चहा करून दिला, आणि किती दमलास रे म्हणत त्याला झोपायला पाठवलं होतं.