आबांचं खोपटं

जेसीबीचा दात आबांच्या गॉगलपासून वीतभर लांब थांबला. शहादेवनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात वर केले, जणू समोर कुणी बंदूक धरली होती.

"काय झालं बे?" विजयसिंह ओरडला. मांजरसुंब्याच्या फाट्यावरच्या नव्या फूड प्लाझाचं कंत्राट त्याचं होतं.

"आबा हायेत," शहादेव म्हणाला.

आबा म्हणजे मोहनराव. त्यांना विचारल्याशिवाय या भागात पान हलत नाही. ते प्रत्यक्ष तिथं नव्हते, फ्लेक्सवर होते. छबुबाईचं अख्खं खोपटं त्यांच्या वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचं होतं. उजव्या अंगाला गॉगल घातलेले आबा, डाव्या अंगाला फोनवर बोलणारे आबा, मागं हात जोडलेले आबा. छपरावरचे आबा आभाळाकडं बोट दाखवत होते, पण ते फक्त घारींना दिसायचे. दाराला पडदा होता, आणि पडद्यावर आबा हसत होते.

खोपट्याच्या दोन्ही बाजूंना ढाबे आणि परमिट रूम. दिवे लागले की फाटा जागा व्हायचा आणि माणसं आडवी व्हायची. छबुबाई एका ढाब्यावर भांडी घासायची. तिची लग्नाला आलेली लेक वनमाला तिथंच भाकरी थापायची. आधी दोघी परमिट रूमच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहायच्या. दिवाळीनंतर एके सकाळी त्यांनी भांडीकुंडी उचलली आणि इथं रस्त्याच्या कडेला आल्या. "खोली सोडून बाई प्लास्टिकात ऱ्हायला गेली," असं म्हणून लोक हसायचे. का गेली, हे कुणी विचारलं नाही.

प्लाझा अजून कागदावर होता, पण त्याचा बोर्ड उभा राहिला होता. 'सहकुटुंब या. सुरक्षित वातावरण.'

"बाई, समजून घे," विजयसिंह म्हणाला. "हितं आता फॅमिली येणार. तोंडावरच असलं खोपटं दिसलं की बायापोरींना भ्या वाटतं."

"वाटतंच की भ्या," छबुबाई म्हणाली आणि पडद्यापुढं बसून राहिली.

विजयसिंह शहादेवकडं वळला. "मागून लाव बकेट."

"मागून बी आबाच हायेत. हात जोडून."

"मग दोऱ्या सोडा हातानं!"

दोन मजूर पुढं झाले. तेवढ्यात ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांनी मोबाइल वर धरले. आबांना खाली उतरवल्याचा व्हिडिओ दुपारच्या आत पाटोद्याला आबांच्या बंगल्यावर पोचला असता. मजूर मागं आले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"आन् मालक," शहादेव खाली वाकून म्हणाला, "ह्यात तुमी बी हायेत."

फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांची रांग होती. तिच्यात कुंकवाच्या टिकलीएवढा विजयसिंह होता. त्यानं गुडघ्यावर बसून स्वतःकडं पाहिलं. फोटो चांगला आला होता.

जेसीबीला घालायला आणलेला हार मधल्यामधे कुणीतरी गॉगलवाल्या आबांना घातला. आता तर काहीच करता येईना. विजयसिंहनं खऱ्या आबांना फोन लावला.

आबा गाड्या घेऊन आले. खोपट्याभोवती सावकाश फिरले. ते फिरले म्हणून मागची माणसंही फिरली, त्यामुळं ती प्रदक्षिणा झाली. परमिट रूमचा मालकही चपला काढून तिच्यात होता. पडद्यापुढं आबा थांबले. ते स्वतःकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या बंगल्यात त्यांचा एकच फोटो होता आणि तो घरच्यांनी न्हाणीघराच्या बोळीत लावला होता.

"बाई," आबा म्हणाले, "इतकी माया तर आमच्या रक्ताच्या माणसांनी बी केली न्हाई."

पडद्याच्या खालच्या फटीतून वनमालाची पावलं दिसत होती. यंत्र आलं, माणसं जमली, आबा आले, तरी ती बाहेर आली नव्हती.

"खोपटं तर जाणार," आबा म्हणाले. "विकास थांबवता येत न्हाई. पण तुला मी खोली देतो. प्लाझाच्या मागं. शिमिटाची. लोखंडी दार, आतून कडी. विजयसिंह, आजच्या आज."

विजयसिंहनं मान हलवली. हे आपल्यालाच सुचलं होतं, असा त्याचा चेहरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छबुबाई उठली. तिनं पदर सारखा केला.

"लई उपकार झाले, आबा. एक मागू का?"

"माग की."

"त्या दारावर तुमचा फोटू लावून द्याल?"

गर्दीत हसू फुटलं. आबाही हसले. पडद्यावरचे आणि पडद्यासमोरचे, दोन्ही आबा आता सारखेच दिसत होते.

"अगं येडे, आता फोटूचं काय काम? इतके दिवस दार नव्हतं. आता दार हाय, कडी हाय."

छबुबाईनं एकवार गर्दीकडं पाहिलं. परमिट रूमच्या ओट्यावरची माणसं इतरांच्या आधी हसायची थांबली होती. कुणी चपला शोधत होतं, कुणी मोबाइलमध्ये बघत होतं.

"कडी त्या पत्र्याच्या खोलीला बी व्हती, आबा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाला हात लावायची हिंमत मातर अजून कुणी केली न्हाई."