कबूल न करता

बंगल्यातली सोन्याची चेन हरवली आणि आळ तिथं भांडी घासणाऱ्या सोळा वर्षांच्या अमिषावर आला. बाल न्याय मंडळाच्या बाकावर धर्मा लेकीला सारखा विनवत होता, "कबूल कर, बाय. लगेच घरी जाऊ." तिनं मान डोलावली. तेवढ्यात सरकारनं मोफत दिलेल्या वकीलबाई आल्या, धर्माला दूर बसवून अमिषाजवळ टेकल्या. "चेन तू घेतलीस?" आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला हुंदका फुटला. "न्हाय, मॅडम. पन कबूल केल्याबिगर सोडतील का?" "जामीन तुझा हक्क आहे. खरं तेच सांग." मंडळासमोर गुन्हा कबूल आहे का विचारल्यावर अमिषा ठामपणे "न्हाय" म्हणाली. प्रकरण पुढं चालणार होतं, पण संध्याकाळी ती जामिनावर बापासोबत घरी, मांडव्याला जाणाऱ्या रिक्षात बसली. वाटेत धर्मा पुटपुटला, "मीपन इचारलं न्हाय तुला." "मंग आता इचार, बाबा."