आवडाबाईचे सोडे

ॲलर्जीच्या तपासणीसाठी सगुणाच्या हातावर टोचलेल्या थेंबांपैकी दोन ठिकाणी गांधी उठल्या. कोळंबीची उठणारच होती. दुसरीकडे मात्र डॉक्टर बघत राहिले.

"घरात झुरळं आहेत?"

"चाळीन कोनाकरं नसतान?" तिचा नवरा गोमाजी म्हणाला.

सत्त्याण्णवच्या शिमग्यात सगुणाचा श्वास पहिल्यांदा कोंडला, तेव्हा याच डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. अंगातल्या काही पेशींवर बारीक गळ असतात. कोळंबीवर डूख धरलेली प्रतिद्रव्यं त्या गळांत बसून वाट बघतात. कोळंबीची नुसती वाफ लागली तरी पेशी फुटतात आणि श्वास कोंडतो. गळ म्हटल्यावर कोळ्याला आणखी काय सांगायचं? गोमाजीने होडी विकली, ठाण्याची खाडी सोडली, बायको आणि आईला घेऊन कल्याणला चाळीत आला. बाजारात हमाली धरली. घरात मासळी बंद. बापजाद्यांचा धंदा त्याने बायकोच्या श्वासावरून ओवाळून टाकला आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही.

तरी सगुणाचा दमा हटेना. मग संशय आईवर गेला. सुकवलेल्या कोळंबीशिवाय, सोड्यांशिवाय, आवडाबाईला घास उतरत नाही, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं.

"एकविरा आयची आन, मी घरान सोडे नाय आनले," म्हातारी म्हणाली.

"मंग सगुना काय नाटक करते?" गोमाजी ओरडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने आईला कोपरीला मावशीकडे नेऊन ठेवलं.  तिथे म्हातारीने मासळीला हातही लावला नाही. खंगत गेली आणि गेल्या महिन्यात मेली.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. "तिची काय इच्छा रायली ती बोल," मावशी म्हणाली. गोमाजीने धावत जाऊन सोड्यांचं कालवण आणलं, पिंडाशेजारी ठेवलं. "आये, घे गो, पोटभर खा." कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

"गळाला कोळंबीच लागते असं नाही," डॉक्टर आता सांगत होते. "झुरळाच्या अंगातही तसाच अंश असतो. पेशीला फरक कळत नाही. घरात मासळी नसली तरी दमा उठणारच."

गोमाजी तसाच उठून दाराशी गेला.

"काय झाला?" सगुणाने धापा टाकत विचारलं.

"आय खरा बोलली होती. तिला सोडे नको होते गो."