धुतलेलं रान

हौसाक्कानं पुढं केलेल्या तांब्याला रंगनाथनं आजही हात लावला नाही. "आत्ताच प्यालो, अक्का," म्हणत त्यानं घरून आणलेली पाण्याची बाटली बगलेत दाबली.

डिझेलची पाइपलाइन फुटून तिचं रान नासलं, तेव्हा ते धुण्याचं कंत्राट याच धाकट्या भावानं घेतलं होतं. "साबणासारखं रसायन सोडलं की मातीतलं तेल सुटतं. मळकं पाणी उपसून लांब न्यायचं. लुगड्यासारखं रान धुऊन देतो, बघ!" आणि खरंच, आज मातीला डिझेलचा वास नव्हता. तिनं कौतुकानं भावावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

तेवढ्यात म्हैस फुरफुरत हौदापासून मागं सरली. विहिरीतून नुकत्याच ओढलेल्या पाण्यावर फेस होता आणि फेसाला डिझेलचा वास.

"मळकं पाणी उपसलंस ना रे?"

"नाही अक्का. वाटलं, जिरेल खाली."

"वाटलं? मग रान धुवायला काढल्यापासून ही बाटली कशाला?"

त्यानं बाटली पाठीमागं नेली. हौसाक्कानं तांब्या रिकामा केला, हौदात बुडवून भरला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"पी, मुडद्या. याच विहिरीवर वाढवलाय तुला."