शिंगांवरचे लाइट

महिपतीच्या हरण्याची शिंगं लाल-हिरवी उजळली आणि बजरंगची पोटदुखी सुरू झाली. बजरंग थोरला भाऊ. पोळ्याच्या मिरवणुकीत यंदा वेशीच्या तोरणाखालनं पहिलं जायचा मान त्याच्या ढवळ्याचा. आणि लोक बघणार कुणाकडं? धाकट्याच्या बैलाकडं!

तसे लाइट ढवळ्यालाही होते, पण बजरंगला ते मंदच वाटत होते. महिपतीच्या लेकीनं, समीक्षानंच दुपारी दोन्ही बैलांना बसवले होते. तळेगावच्या कारखान्यात वायरी जोडणं हे तिचं रोजचं कामच. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी झुलीखाली बांधली, शिंगांना एलईडीच्या माळा गुंडाळल्या आणि प्रत्येक वायरीत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स जोडला.

"ह्ये कशाला मधी?" बजरंगनं तेव्हाच विचारलं होतं.

"वीज आवरायला, नाना. थेट जोडली तर एलईडी जळते. त्याला हात लावू नका."

आवरायला! आत्ता कुठं बजरंगच्या डोक्यात उजेड पडला. बापाचा बैल उठून दिसावा म्हणून पोरगी आपल्या वायरीत आडकाठी घालून गेली. त्यानं पक्कड घेतली.

"अवो, पोरगी न्हाई म्हणून गेलीय ना?" औक्षणाचं ताट धरून त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली.

"तू गप. तिच्या बापाची लेक हाय ती."

त्यानं दाणे तोडले, वायरी पिळून थेट जोडल्या, वर टेप मारली. ढवळ्या लखलखला.

"लय भारी, बजरंगभाऊ!" मिरवणुकीत कुणीतरी ओरडलं. बजरंगनं मागं वळून महिपतीकडं पाहिलं आणि मिशीत हसला.

मारुतीच्या देवळापाशी एक लाइट गेला. मग दुसरा. करपल्याचा वास आला, ढवळ्यानं मान झटकली. वेस येईपर्यंत दोन्ही शिंगं काळी. हलगीवालाही थांबला.

समीक्षा धावत आली. आधी तिनं बॅटरीची वायर उपटली, शिंग चाचपून पाहिलं. मग टेप उकलली.

"नाना, काढलेत तुम्ही?"

"तुझ्या बापाच्या बैलाला न्हाई, मग माझ्याच का?"

समीक्षा हरण्याकडं वळली. तिनं हरण्याच्या शिंगावरची माळ सैल करून त्याच्यापुढं धरली. वायरीत तोच दाणा. दुसऱ्या वायरीतही तोच. बजरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेशीत अंधार होता. महिपती हरण्याला घेऊन पुढं आला, तसा बजरंगनं कासरा आवळला.

"मान माझा हाय."

"तुझाच हाय, दादा. तू व्हय पुढं. हरण्या मागंच ऱ्हाईल, पायाखालचं दिसंल तुला."

हलगी पुन्हा कडाडली. ढवळ्या तोरणाखालनं पहिला गेला, धाकट्याच्या उजेडात.