अगदी सारखी जोडी

दोन्या तोमासीनांनी, म्हणजे तोमासीनाबाईंनी, पैशांची एक चकती टेबलावरच्या मोठ्या गोलात ठेवली, एक छोट्या गोलात, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. राडामेस पत्ते वाटायला सरसावला. पत्ते वाटणाऱ्याने कुणाच्याही बाजूचं असायचं नाही, ही त्याच्या नोकरीतली पहिली शिकवण. अकरा वर्षं त्याने ती इमानाने पाळली होती. या बाईपुढे मात्र ते जमत नव्हतं.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. सान्तो डोमिंगोच्या समुद्रकाठच्या त्या हॉटेलच्या जुगारखान्यात या वेळी ब्लॅकजॅकच्या एकाच टेबलावर माणसं असत. माणसं म्हणजे दोन्या आणि शेजारी फेलो. फेलो बेसबॉलचा निवृत्त पंच. स्वतःचा डाव सोडून बाकी सगळ्यांच्या डावाचा निकाल द्यायची त्याची खोड गेली नव्हती.

मेल्विन आणि केल्विन ही दोन्यांची जुळी पोरं. आठ महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, ती मिचेसच्या किनाऱ्यावरून चोरून होडीत बसली आणि समुद्रापलीकडच्या पोर्तो रिकोला निघाली. होडीतली तिसरी जागा त्यांच्या मित्राची, राडामेसची होती. त्या दिवशी पाळी बदलून द्यायला कुणी तयार झालं नाही, म्हणून तो मागे राहिला. पोरं तिकडे पोचली नाहीत आणि परतही आली नाहीत. तेव्हापासून दोन्या दर मंगळवारी या टेबलावर येऊ लागल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हा छोटा गोल कशाचा रे, पोरा?"

"जोडीचा, दोन्या. एकवीस करायच्या खेळाशी याचा संबंध नाही. तुमची पहिली दोन पानं जुळली की पैसे. एक लाल, एक काळं असलं तर सहापट. रंग एक असला तर बारापट. आणि अगदी सारखी आली, म्हणजे बदामाची राणी न् बदामाचीच राणी, तर पंचवीसपट. सहा कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून निघू शकतात तशी."

"आणि पुढे डाव हरले तर?"

"हरा की! जोडीचे पैसे आधीच हातात पडतात. ते कुणी परत मागत नाही."

अगदी सारखी जोडी साठेक डावांत एकदा येते आणि या छोट्या गोलावरच हॉटेलचं दुकान चालतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. वाटणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं म्हणजे ती जोडी त्यालाही बघायची होती. दोन्यांनी आल्टाग्रासिया माऊलीला, म्हणजे मेरीमातेला, कौल लावलाय, हे हॉटेलात झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. काय मागितलंय ते त्या सांगत नसत. सांगायला कशाला हवं? जुळ्यांची आई जोडीवर पैसे लावते, ती दुसरं काय मागणार!

गेल्या तीन आठवड्यांपासून तर त्या मंगळवारचीही वाट बघेनाशा झाल्या. रोज यायच्या, एकच डाव खेळायच्या आणि घरी जायच्या. परवा एक लाल नि एक काळी राणी आली तेव्हा फेलोने टाळ्या पिटल्या. दोन्यांनी मान हलवली. "ही नव्हेत. अगदी सारखी हवीत." आशेने म्हातारी हट्टी झाली, असं राडामेसला वाटलं.

आता त्याने पान काढलं. दोन्यांपुढे बदामाची अठ्ठी. फेलोला दश्शी. स्वतःपुढे राजा. मग पुन्हा दोन्यांपुढे.

बदामाची अठ्ठी.

"आली!" फेलो खुर्चीवरून उठलाच. "आली रे आली! दोन्या, अहो बघा तरी!"

दोन्या बघतच होत्या. पंचवीसपट चकत्या मोजताना एक चकती राडामेसच्या हातून निसटली. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. चकत्या त्यांच्यापुढे सरकवून, फेलोला एक पान आणि स्वतःपुढे एक झाकलेलं पान टाकून त्याने नियमाप्रमाणे विचारलं,

"दोन्या, जोडी फोडायची? दोन पानांचे दोन डाव होतील."

"फोडा, फोडा!" फेलो ओरडला. "अठ्ठ्या फोडतातच! सोळावर काय बसताय? मराल!"

"नाही फोडायची," दोन्या म्हणाल्या. "राहू देत एकत्र."

राडामेसने आपलं झाकलेलं पान उलटलं. नव्वी. राजाचे दहा धरून एकोणीस झाले, दोन्यांच्या सोळांपेक्षा जास्त. मोठ्या गोलातली चकती त्याने ओढून घेतली आणि दोन्ही अठ्ठ्या एकीवर एक ठेवून वापरलेल्या पानांत सरकवल्या. फेलो कपाळावर हात मारत होता. राडामेसला त्याचं काहीच नव्हतं. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"डाव गेला तर गेला," तो न राहवून म्हणाला. "माऊलीने कौल दिलाय, दोन्या. आता येतील बघा दोघं."

दोन्यांनी चकत्या रुमालात बांधल्या. गाठ दोनदा मारली.

"एक आलाय रे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. मिचेसलाच किनाऱ्याला लागला. मेल्विन की केल्विन, तेही ओळखू येईना. कुणाला बोलले नाही. म्हटलं, दुसरा कुठे एकटा जिवंत तगमगत असला तर मेल्यांची प्रार्थना कशी बसवू? म्हणून माऊलीला म्हटलं, तोही याच्या सोबतच गेला असेल, तर अगदी सारखी जोडी दाखव."

राडामेसचे हात टेबलावर तसेच राहिले.

"आजपासून दोघांच्या नावाने नऊ दिवसांची प्रार्थना एकदमच बसवते," दोन्या उठत म्हणाल्या. "संध्याकाळी जरा लवकर ये, पोरा. अंगणात खुर्च्या मांडायला घरी कुणी नाही."