पितळी पाटी

बेसबॉलमधला माझा शेवटचा सामना संपल्यावर आमच्या सान पेद्रो गावच्या मैदानावर क्लबनं आईच्या हाती सन्मानाची पितळी पाटी दिली. पाटीवर नाव होतं, वास्कर. वास्कर माझा धाकटा भाऊ, लहानपणीच तापानं गेलेला. मी अठराचा झालो तेव्हा प्रशिक्षक म्हणाला होता, "अमेरिकेच्या क्लबवाल्यांना सोळाची पोरं लागतात, एलादियो. म्हाताऱ्या, तुला कोण घेणार?" वास्करचा मृत्यू कुणी नोंदवला नव्हता. आईनं त्याचा जन्मदाखला मला दिला, त्यावर मी सोळाचा ठरलो. त्या दाखल्यावर मी एकोणीस वर्षं शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळलो, लग्नही केलं. तोंडाला सवय राहावी म्हणून आई घरातसुद्धा मला वास्करच म्हणायची. आज ती पाटीवरच्या नावावरून हात फिरवत रडत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या कानात म्हणालो, "आई, आता तरी एलादियो म्हण." तिनं डोळे पुसले. "हळू बोल, वास्कर. माइक चालू आहे."